पडद्यावरचे पिशाच आणि पुस्तकातले पिशाच

एखाद्या राजाविषयी दोन बखरी परस्परविरोधी मजकूर सांगू लागल्या, म्हणजे संशोधक अस्सल कागदाचा शोध घेतो. एखादी सनद, एखादे पत्र किंवा जमाखर्चाचे टिपण हाती लागले, की कोणत्या बखरीवर किती विश्वास ठेवावा याचा निवाडा करता येतो. परंतु जो पुरुष कधी जन्मासच आला नाही, त्याच्या चरित्राविषयी दोन वृत्तान्त जुळेनासे झाले तर निवाडा कोणी व कशाच्या आधारे करावयाचा? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. तथापि अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी एका पिशाचाच्या बाबतीत तो मोठ्या गांभीर्याने विचारला आणि त्याची चर्चा अर्धशतकाहून अधिक काळ चालू ठेवली. त्या पिशाचाचे नाव बार्नाबस कॉलिन्स. त्याचा एक वृत्तान्त 'डार्क शॅडोज' या मालिकेने सांगितला, आणि दुसरा त्याच नावाने निघालेल्या कादंबऱ्यांनी.

पाश्चात्त्यांच्या 'व्हॅम्पायर' या कल्पनेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. रिचर्ड बर्टन याने वेताळपंचविशीतील काही कथा 1870 साली इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्याने वेताळाला व्हॅम्पायर हेच नाव दिले. पण विक्रमाच्या खांद्यावर बसून त्याला कोडी घालणारा वेताळ निराळा, आणि दिवसा शवपेटीत निजून रात्री जिवंत माणसाच्या रक्तावर जगणारा मृत मनुष्य निराळा. या दुसऱ्या प्रकारच्या पिशाचाला शेरिडन ल फानू याच्या 'कार्मिला' या 1872 च्या कथेने आणि ब्रॅम स्टोकर याच्या 'ड्रॅक्युला' या 1897 च्या कादंबरीने जगभर ओळख मिळवून दिली. मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे तर नारायण धारप यांच्या 'लुचाई' या कादंबरीचे देता येईल. ती स्टीफन किंग याच्या 'सेलम्स लॉट' या 1975 च्या कादंबरीवर आधारलेली आहे, आणि त्या मूळ कादंबरीतील गाव अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात वसलेले आहे. 'डार्क शॅडोज'मधील कॉलिन्सपोर्ट हे कल्पित बंदरही त्याच राज्यातले. समुद्रकाठचे धुके, कोळ्यांची वस्ती आणि टेकडीवरचा जुना वाडा अशी त्या कथेची पार्श्वभूमी आहे.

ही मालिका 27 जून 1966 रोजी अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्रांवरून सुरू झाली. तिचा निर्माता डॅन कर्टिस याला आगगाडीतून एकटीच प्रवास करणाऱ्या एका तरुणीचे स्वप्न पडले आणि त्या स्वप्नातून हे कथानक निघाले, असे तो सांगत असे. व्हिक्टोरिया विंटर्स नावाची एक अनाथ मुलगी कॉलिन्स घराण्याच्या वाड्यात शिक्षिका म्हणून येते, तेथून कथेस प्रारंभ होतो. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी अर्धा तास, असा तिचा क्रम होता. साबणाच्या जाहिरातींमुळे ज्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले, त्या घरगुती मालिकांच्या पंक्तीत ती बसत होती. आरंभीच्या महिन्यांत तिला पुरेसा प्रेक्षकवर्ग मिळाला नाही आणि ती बंद पडण्याच्या बेतास आली. भुते आणून पाहिली, तेव्हा थोडी सुधारणा दिसली. शेवटचा उपाय म्हणून एप्रिल 1967 मध्ये एक व्हॅम्पायर आणण्यात आला.

इंग्लंडहून आलेला दूरचा नातेवाईक अशी बतावणी करून वाड्यात शिरणारा हा बार्नाबस वस्तुतः त्याच घराण्याचा पूर्वज होता. त्याच्या पित्याने त्याला साखळदंडांनी बांधलेल्या शवपेटीत कोंडून ठेवले होते, आणि जवळजवळ पावणेदोन शतकांनंतर दागिन्यांच्या लोभाने ती पेटी उघडणाऱ्या एका चोरट्यामुळे तो बाहेर पडला. ही भूमिका जोनाथन फ्रिड या कॅनेडियन नटाने केली. रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नाटकांतून तयार झालेला हा नट गंभीर आवाजाचा आणि काहीशा अवघडलेल्या हालचालींचा होता. काही आठवडे भीती दाखवून झाल्यावर हृदयात लाकडी मेख ठोकून या पिशाचाचा शेवट करावयाचा, असा मूळ बेत होता. तो बेत प्रेक्षकांनी हाणून पाडला. फ्रिडच्या नावे हजारोंनी पत्रे येऊ लागली. शाळा सुटताच मुले धावत घरी जाऊन दूरचित्रवाणीपुढे बसू लागली. लेखकांना आपल्या खलपुरुषाचा नायक करणे भाग पडले. पुढे नोव्हेंबर 1967 पासून मालिका 1795 या सालात गेली, आणि बार्नाबस हा एका सूडबुद्धीच्या स्त्रीच्या शापाने पिशाच झालेला दुर्दैवी प्रेमिक होता, हे प्रेक्षकांस कळले. त्याला शाप देणारी अँजेलिक, त्याची वाग्दत्त वधू जोसेत आणि त्याला माणसांत आणू पाहणारी डॉक्टर ज्युलिया हॉफमन या तिघींभोवती पुढील कथा फिरत राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या पात्राचा प्राण आपल्या पत्रांनी वाचविला, त्याच्यावर आपलाही काही अधिकार आहे, असे प्रेक्षकांस वाटू लागले तर ते अस्वाभाविक नव्हे. याच भावनेने त्यांनी मालिकेच्या नावाची पुस्तके हाती घेतली, आणि त्याच भावनेने त्या पुस्तकांवर रागही धरला.

'पेपरबॅक लायब्ररी' या प्रकाशनसंस्थेने मालिकेवरील पहिली कादंबरी डिसेंबर 1966 मध्ये काढली. एक डॉलरही न पडणारी, कागदी बांधणीची, खिशात मावणारी अशी ही पुस्तके होती. 1972 पर्यंत अशा 32 कादंबऱ्या निघाल्या. म्हणजे सरासरीने दर दोन महिन्यांस एक. मालिकेवरून 1970 साली निघालेल्या चित्रपटाची कादंबरी आणखी वेगळी. पुस्तकांवर लेखिकेचे नाव मॅरिलिन रॉस असे छापलेले असे. प्रत्यक्षात ती विल्यम एडवर्ड डॅनियल रॉस या कॅनेडियन गृहस्थाने लिहिलेली होती, आणि मॅरिलिन हे त्याच्या पत्नीचे नाव होते. जुना वाडा, एकटी तरुणी आणि कौटुंबिक रहस्य अशा थाटाच्या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मुख्यतः स्त्रियांचा, म्हणून लेखकाचे नावही स्त्रीचे असावे, हा त्या काळच्या प्रकाशकांचा व्यवहार होता. रॉस याचा जन्म 1912 चा आणि मृत्यू 1995 चा. न्यू ब्रन्स्विक प्रांतातील सेंट जॉन या गावचा हा माणूस, आणि त्याने निरनिराळ्या टोपणनावांनी तीनशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. अशा झपाट्याने लिहिणाऱ्या लेखकाला न्यूयॉर्कमध्ये रोज घडत असलेल्या कथेचा माग ठेवणे शक्य नव्हते, आणि त्याने तो ठेवलाही नाही.

परिणामी दोन वृत्तान्तांत मोठे अंतर पडले. पहिल्या पाच कादंबऱ्यांत बार्नाबसचा पत्ताच नाही. तो मालिकेत आला एप्रिल 1967 मध्ये. पुस्तकांत अवतरला तो 1968 साली, सहाव्या कादंबरीत. शिवाय मालिकेतील बार्नाबस अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1967 पर्यंत शवपेटीत बंदिस्त होता. पुस्तकांतील बार्नाबस मात्र एकोणिसाव्या शतकात खुशाल हिंडताफिरताना दिसतो. एका कादंबरीत तो 1870 च्या सुमाराच्या लंडनमध्ये वावरतो. ज्याच्या पेटीला साखळदंड पडले आहेत तो लंडनच्या रस्त्यावर कसा येईल, हा प्रश्न शाळकरी वाचकालाही पडला असणार. मालिकेच्या सर्व दुःखाचे मूळ जी अँजेलिक, तिला या कादंबऱ्यांत फारसे स्थान नाही. प्रत्येक वेळी नवी नायिका वाड्यात येते, तिच्यावर संकट येते, संशय बार्नाबसवर जातो आणि अखेर खरा अपराधी दुसराच निघतो. हा साचा पाचदहा पुस्तकांनंतर कोणाच्याही लक्षात यावा असा होता. रॉसचा बार्नाबस सौम्य, सुसंस्कृत आणि एकाकी गृहस्थ आहे. मालिकेतील बार्नाबस मायाळू असला तरी केव्हा काय करील याची शाश्वती नसे, आणि प्रेक्षकांना तो त्यासाठीच हवा होता.

असे असूनही ही पुस्तके खपली, आणि खपत राहिली. याचे कारण त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या स्वरूपात सापडते. आज एखादा भाग हुकला तर तो पुन्हा पाहता येतो. 1968 साली तशी सोय नव्हती. दुपारचा तो अर्धा तास एकदा निघून गेला, म्हणजे तो कायमचाच गेला. घरोघरी चित्रमुद्रणाची यंत्रे यावयास अजून बराच अवधी होता. अशा स्थितीत जी वस्तू हातात धरता येते, उशाखाली ठेवता येते, मैत्रिणीला वाचावयास देता येते, ती एकच होती; ती म्हणजे पुस्तक. वेष्टनावर बहुधा फ्रिडचे छायाचित्र असे. आतला मजकूर मालिकेशी जुळत नसला तरी वेष्टनावरील मुद्रा जुळत होती. मुलांनी या पुस्तकांकडे कथानकाच्या नोंदीपेक्षा आठवणीची खूण म्हणून पाहिले असे म्हटले, तर त्यांच्या खपाचा उलगडा होतो.

2 एप्रिल 1971 रोजी मालिका बंद पडली. तोवर तिचे 1,225 भाग झाले होते. तिचा शेवट विचित्र झाला. अखेरचे कथानक 1841 सालातील एका समांतर जगात घडत होते. त्यात फ्रिड ब्रॅमवेल नावाच्या दुसऱ्याच पुरुषाची भूमिका करीत होता, आणि तो पुरुष पिशाचही नव्हता. शेवटच्या भागात निवेदकाच्या आवाजात त्या समांतर जगातील मंडळींचे पुढे काय झाले ते सांगून पडदा पाडण्यात आला. ज्याच्यासाठी प्रेक्षकांनी पत्रे लिहिली, त्या बार्नाबसला मुक्ती मिळाली की नाही, हे कोणीच सांगितले नाही. मालिका संपल्यावरही सुमारे वर्षभर रॉसच्या कादंबऱ्या निघत राहिल्या. त्या काळात बार्नाबसची नवी हकिकत मिळण्याचा दुसरा मोठा मार्ग उरला नव्हता. ज्यांनी पुस्तकांतील चुका मोजल्या होत्या, त्यांनाही त्या पुस्तकांवाचून गत्यंतर नव्हते. 1972 साली तीही थांबली.

यानंतर वाचकांची प्रतिक्रिया निराळ्या रूपाने प्रकट झाली. छापील कादंबरीत आपला बार्नाबस सापडत नाही, तर तो आपणच लिहावा, असे काहींनी ठरविले. काही स्थानिक केंद्रांनी 1975 मध्ये मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखविण्यास सुरुवात केली, आणि त्याच वर्षापासून 'द वर्ल्ड ऑफ डार्क शॅडोज' हे चाहत्यांचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. अशा हौशी अंकांतून कथा, चित्रे, कालानुक्रमाच्या याद्या आणि वादविवाद प्रसिद्ध होत. 1983 पासून 'डार्क शॅडोज फेस्टिव्हल' या नावाचे मेळावे भरू लागले. त्यांस जुने नटनटीही उपस्थित राहत. या मंडळींच्या आस्थेत एक गमतीदार विरोधाभास आहे. मालिकेचे चित्रण घाईघाईने होत असे आणि चुकलेला प्रसंग पुन्हा घेण्यास सवड नसे. त्यामुळे नट वाक्य विसरलेले, ध्वनिग्राहक चित्रात डोकावलेला, असे प्रकार वारंवार दिसतात. प्रेक्षकांनी त्या चुका प्रेमाने पोटात घातल्या. पुस्तकातील चुका मात्र त्यांना सहजी क्षम्य वाटल्या नाहीत. नटाची चूक डोळ्यांदेखत घडलेली असते आणि तीत त्याची धडपड दिसते. लेखकाची चूक पाहिली, की त्याने आपल्याइतक्या आस्थेने मालिका पाहिली नाही, असा संशय येतो. चाहत्याला खुपतो तो हा संशय.

1989 पासून मालिकेचे भाग घरी पाहण्याच्या फितींवर विकत मिळू लागले. बखरींच्या भाषेत बोलावयाचे तर अस्सल कागद हाती आले. आता तपशील पडताळून पाहता येऊ लागला आणि रॉसच्या कादंबऱ्यांची बाजू अधिकच लंगडी पडली. याच सुमारास प्रमाणग्रंथ कोणता, याविषयी चाहत्यांत एक प्रकारचे एकमत होत गेले. मूळ 1,225 भाग हे प्रमाण, आणि बाकी सर्व त्याच्या आसपासचे, असे ते मत होय. 1991 साली बेन क्रॉस या नटाला बार्नाबस करून नवी मालिका काढण्यात आली. ती बारा भागांनंतर थांबली. 2012 साली टिम बर्टन याने जॉनी डेप याला घेऊन चित्रपट काढला. त्याचा विनोदी सूर अनेक जुन्या चाहत्यांना रुचला नाही. फ्रिडने त्यात क्षणभर दर्शन दिले होते, पण चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, एप्रिल 2012 मध्ये, त्याचे निधन झाले.

दरम्यान कादंबरीच्या क्षेत्रात एक नवा प्रयोग झाला होता. 1998 साली हार्परकॉलिन्सने 'अँजेलिक्स डिसेंट' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची लेखिका लारा पार्कर ही मालिकेत अँजेलिकची भूमिका करणारी नटीच होती. वाड्याच्या परिसरात बार्नाबसला अँजेलिकची रोजनिशी सापडते आणि तो ती वाचू लागतो, अशी या कादंबरीची योजना आहे. मार्तिनिक बेटावरील उसाचे मळे, तेथील गुलामगिरी आणि त्या वातावरणात वाढलेली एक मुलगी यांचे चित्र तीत येते. रॉसने जिला जवळजवळ वगळले, तिचीच बाजू पार्करने मांडली. मालिकेतील घटना तिने मोडल्या नाहीत. ज्या जागा मालिकेने रिकाम्या सोडल्या होत्या, तेथे तिने आपली कथा बसविली. चाहत्यांनी या पुस्तकाचे ज्या आपुलकीने स्वागत केले, तिचे कारण यात आहे. पार्करने पुढे आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील अखेरची 2016 ची. 2023 साली तिचे निधन झाले.

पार्करच्या कादंबरीलाही सर्वांनीच प्रमाण मानले असे नाही. तपशिलाचा काटेकोरपणा पाळणाऱ्यांनी तिच्याही लेखनातील विसंगती दाखविल्या. परंतु त्या आक्षेपांचा सूर घरच्या माणसाशी वाद घालावा तसा होता. रॉस परका वाटला आणि पार्कर आपली वाटली, हा भेद लेखनगुणांपुरता मर्यादित नव्हता. पार्करने स्वतः त्या दुपारी त्या रंगमंचावर घालविल्या होत्या, आणि त्याच दुपारी आपणही घरी पडद्यासमोर होतो, ही जाणीव वाचकांस तिच्याशी जोडीत होती.

काळाबरोबर रॉसविषयीचा रागही निवळला. त्याच्या कादंबऱ्या अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या आहेत आणि ध्वनिमुद्रित स्वरूपातही निघाल्या आहेत. लहानपणी ज्यांनी त्या वाचल्या, त्यांना त्या आता मालिकेच्या तुलनेत खोट्या वाटत नाहीत; त्या काळच्या दुपारींचा एक भाग वाटतात. विसंगतीचा उलगडा करण्याची सोयही मालिकेनेच करून ठेवली आहे. 1970 साली तिने 'समांतर काळ' ही कल्पना आणली. त्याच वाड्यातील एका दालनाचे दार उघडले, म्हणजे तीच माणसे निराळे आयुष्य जगताना दिसतात. रॉसचा बार्नाबसही अशाच एखाद्या दालनात राहतो असे मानले, म्हणजे लंडनचा प्रवास आणि शवपेटीचे साखळदंड या दोहोंचा मेळ बसतो. पुराणांतील परस्परविरोधी कथांचा कल्पभेदाने समन्वय करणाऱ्या आपल्याकडील श्रोत्याला ही युक्ती परकी वाटू नये.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. कायद्याच्या दृष्टीने बार्नाबसची मालकी निर्मात्याची आणि त्याच्याकडून हक्क घेणाऱ्या प्रकाशकाची. ही मालकी चाहत्यांनी कधी नाकारली नाही. पण ज्याला वहिवाट म्हणतात, ती मात्र त्यांचीच होती. वर्षानुवर्षे जमीन कसणाऱ्या कुळाप्रमाणे त्यांनी त्या कथेची निगा राखली. पुस्तके जपली, अंक काढले, मेळावे भरविले, तारखा लावल्या. या वहिवाटीचे मोल एका घटनेवरून चांगले कळते. मालिकेचे सर्व भाग जतन झाले, फक्त एक सोडून. 1,219 व्या भागाची चित्रफीत कोठेही मिळाली नाही. मालकांच्या दप्तरी तो भाग नव्हता. परंतु एका प्रेक्षकाने 1971 साली घरच्या ध्वनिमुद्रकावर त्याचा आवाज मुद्रित करून ठेवला होता. तो आवाज आणि उपलब्ध स्थिरचित्रे जोडून हा भाग पुढे पुन्हा उभा करण्यात आला. बार्नाबस कॉलिन्सच्या बखरींचा निवाडा करताना ज्या अस्सल कागदांचा आधार घ्यावयाचा, त्यांतील एक कागद अशा रीतीने प्रेक्षकाच्या घरून आला.